'प्रॉबेबली' म्हणजे शेकडा किती?

आज आपण एका छोट्याशा खेळाने सुरुवात करू. कागद आणि पेन्सिल जवळ घ्या. खाली इंग्रजीतले एक साधे वाक्य दिले आहे. ते वाचा आणि फार विचार न करता त्यापुढे एक आकडा लिहा.

"इट विल प्रॉबेबली रेन टुमॉरो." म्हणजे, उद्या बहुधा पाऊस पडेल.

हे वाक्य ऐकून पाऊस पडण्याची शक्यता शेकडा किती आहे असे तुम्हांला वाटते? शून्य म्हणजे मुळीच पडणार नाही आणि शंभर म्हणजे अगदी नक्की पडणार. लिहिलात आकडा? आता तो झाकून ठेवा आणि घरातल्या आणखी चारपाच जणांना हाच प्रश्न विचारा. कुणी ६० म्हणेल, कुणी ७५, तर कुणी ९० सुद्धा म्हणेल. वाक्य एकच, शब्द तेच, तरी प्रत्येकाच्या मनातला आकडा निराळा!

असे का बरे व्हावे? ताप १०२ अंश आहे म्हटले, की ऐकणाऱ्या सर्वांना सारखाच बोध होतो. मग शक्यता सांगणाऱ्या शब्दांचे असे का होत नाही? या वेगवेगळ्या आकड्यांमुळे काही बिघडते का? चला, शोध घेऊ.

शक्यतेची शिडी

प्रथम इंग्रजी बोलणारी माणसे शक्यता कशी व्यक्त करतात ते पाहू. आपल्या मराठीत "काका घरी असतील" एवढे म्हटले की काम भागते. 'असतील' हे एकच रूप अंदाजही सांगते आणि भविष्यही. इंग्रजीत मात्र या ठिकाणी निरनिराळी साहाय्यक क्रियापदे येतात, आणि कोणते वापरायचे हे आपल्याजवळ पुरावा कोणता आहे त्यावर ठरते.

समजा, संध्याकाळी सात वाजता तुम्ही काकांच्या घरी गेला आहात. दार बंद आहे, पण आत दिवा लागलेला आहे, रेडिओ वाजतो आहे आणि काकांच्या चपला दाराशीच आहेत. आता इंग्रज म्हणेल, "ही मस्ट बी ॲट होम." खुणांवरून त्याने पक्का तर्क केला आहे.

समजा, अशी कोणतीच खूण नाही, पण काका रोज साडेसहाला घरी परततात हे ठाऊक आहे. मग तो म्हणेल, "ही शुड बी ॲट होम." नेहमीच्या क्रमाप्रमाणे ते घरी असायला हवेत, असा याचा अर्थ.

काकांची वेळही माहीत नाही आणि खूणही नाही. मग "ही मे बी ॲट होम." असतील किंवा नसतीलही. याच जागी 'माइट' वापरले तर शक्यता थोडी आणखी कमी, असे व्याकरणाच्या पुस्तकांत सांगितलेले असते. पण पुष्कळसे इंग्रजी भाषक रोजच्या बोलण्यात या दोघांत फारसा फरक करीत नाहीत.

आणि दाराला बाहेरून कुलूप असेल तर? "ही कान्ट बी ॲट होम." येथे एक गोष्ट नीट ध्यानात ठेवा. तर्काच्या 'मस्ट'चा उलटा शब्द साधारणतः 'मस्ट नॉट' नसून 'कान्ट' असतो. 'मस्ट नॉट' म्हटले तर ऐकणाऱ्याला सहसा मनाई वाटते. "त्यांनी घरी असता कामा नये" असा भलताच अर्थ निघायचा!

आणखी एक गंमत पाहा. 'मस्ट' हा शब्द कानाला किती ठाम वाटतो! तरीही "ही मस्ट बी ॲट होम" हे वाक्य "ही इज ॲट होम" या साध्या वाक्यापेक्षा दुबळे आहे. काकांना खिडकीतून डोळ्यांनी पाहिले असेल तर 'मस्ट' म्हणण्याचे कारणच उरत नाही, सरळ 'इज' म्हणायचे. 'मस्ट' आला, की समजावे, बोलणाऱ्याने पाहिलेले नाही, ताडलेले आहे.

क्रियापदांखेरीज इंग्रजीत इतर शब्दही पुष्कळ आहेत. 'सर्टन्ली' म्हणजे नक्की, 'प्रॉबेबली' म्हणजे बहुधा, 'परहॅप्स' आणि 'मेबी' म्हणजे कदाचित, 'पॉसिबली' म्हणजे शक्य आहे एवढेच. 'लाइकली' म्हणजे संभवनीय आणि 'अनलाइकली' म्हणजे त्याच्या उलट. शेवटी 'ली' दिसते म्हणून 'लाइकली'ला क्रियाविशेषण समजू नका. तो बहुतेक ठिकाणी विशेषण म्हणून येतो: "इट इज लाइकली टु रेन." शिवाय 'चान्स' हे नाम आहे. त्याला विशेषण जोडून 'गुड चान्स', 'फेअर चान्स', 'स्लिम चान्स' अशा पायऱ्या करता येतात.

'डाउट' या शब्दापाशी तर आपली मुले हमखास फसतात. आपण वर्गात "सर, माझा एक डाउट आहे" म्हणतो, म्हणजे आपल्याला प्रश्न विचारायचा असतो. पण इंग्रज "आय डाउट इफ ही विल कम" म्हणतो तेव्हा तो विचारीत काहीच नाही. "तो येईलसे मला वाटत नाही" असे तो सांगतो आहे.

शब्द कोठून आले?

या शब्दांचे मूळ पाहिले तर आपल्या कोड्याचा थोडा उलगडा होतो. 'चान्स' हा शब्द लॅटिनमधील 'पडणे' या अर्थाच्या क्रियापदापासून, फ्रेंचमार्गे इंग्रजीत आला. फासा पडतो ना, तसे पडणे! आपण मराठीत 'दान पडले' म्हणतो, त्याच्याशी हे किती जुळते! 'परहॅप्स'मधला 'हॅप' म्हणजे योग किंवा नशीब. 'मे' या क्रियापदाचा जुना अर्थ अंगी बळ असणे, समर्थ असणे. 'लाइकली'मध्ये 'लाइक' आहे, म्हणजे सारखे. जे खऱ्यासारखे दिसते ते 'लाइकली'. आणि 'प्रॉबेबल' ज्या लॅटिन शब्दावरून आला त्याचा अर्थ होता मान्य करण्याजोगे, पसंतीस उतरण्याजोगे.

पाहिलेत? फासा, नशीब, बळ, सारखेपणा, पसंती. यांपैकी एकाही शब्दाच्या पोटात आकडा नाही! शक्यता आकड्यांत मोजण्याचे गणित पुष्कळ नंतर आले. १६५४ साली पास्काल आणि फेर्मा या फ्रेंच गणितज्ञांनी जुगाराच्या एका प्रश्नावर एकमेकांना पत्रे लिहिली, तेथून या गणिताला चालना मिळाली. १७१८ साली द म्वाव्र या गणितज्ञाने लंडनमध्ये या विषयावर इंग्रजीत ग्रंथ प्रसिद्ध केला. गणितात 'प्रॉबेबिलिटी' म्हणजे शून्य ते एक यांच्यामधील संख्या असे ठरून गेले. पण लोकांच्या तोंडी 'प्रॉबेबली' हा शब्द पूर्वीसारखाच बिनआकड्याचा राहिला.

रोजच्या व्यवहारात त्याने काही अडत नाही. "मी बहुधा येईन" म्हणणाऱ्या मित्राला "शेकडा किती?" असे कोणी विचारीत नाही. पण त्या शब्दावर जेव्हा युद्धाचा, औषधाचा किंवा पुराचा निर्णय अवलंबून असतो तेव्हा काय होते? त्याची एक खरी हकीकत सांगतो.

१९५१ सालचे एक वाक्य

दुसरे महायुद्ध संपून काही वर्षे झाली होती. युरोपातील युगोस्लाव्हिया या देशाचे नेते मार्शल टिटो यांचे १९४८ साली सोव्हिएट रशियाच्या स्टालिनशी बिनसले. युगोस्लाव्हियाच्या आजूबाजूचे हंगेरी, रुमानिया, बल्गेरिया आणि अल्बानिया हे देश रशियाच्या बाजूचे होते. त्यांच्या फौजांची तयारी वाढू लागली. रशिया आणि त्याचे साथीदार युगोस्लाव्हियावर हल्ला करतील का? अमेरिकेच्या सरकारला हा प्रश्न पडला.

अमेरिकेच्या गुप्तवार्ता खात्यात अशा प्रश्नांवर अंदाजपत्रे तयार करणारे एक कार्यालय होते. शर्मन केंट हे इतिहासाचे प्राध्यापक तेथे काम करीत होते. येल विद्यापीठात शिकवणारा हा माणूस. शब्द तोलूनमापून वापरण्याची त्यांना सवय. मार्च १९५१ मध्ये या कार्यालयाने अहवाल दिला. त्याचा निष्कर्ष थोडक्यात असा होता, की १९५१ साली युगोस्लाव्हियावर हल्ला होणे ही 'सीरियस पॉसिबिलिटी' मानली पाहिजे.

'सीरियस पॉसिबिलिटी'! गंभीर शक्यता. वाचायला किती भारदस्त वाटते, नाही का?

काही दिवसांनी परराष्ट्र खात्यातील धोरण ठरवणाऱ्या विभागाच्या प्रमुखाची आणि केंट यांची गाठ पडली. बोलता बोलता त्याने सहज विचारले, "या शब्दांनी तुम्हांला नेमके काय म्हणायचे होते? आकड्यांत सांगा ना." केंट म्हणाले, माझ्या मते हल्ला होण्याच्या बाजूने ६५ आणि न होण्याच्या बाजूने ३५. हे ऐकून तो अधिकारी चपापलाच. त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी त्या शब्दांवरून शक्यता यापेक्षा पुष्कळच कमी धरली होती.

विचार करा, शेकडा ६५ म्हणजे हल्ला न होण्यापेक्षा होण्याचाच संभव जास्त. तेव्हा तयारी एका प्रकारची हवी. शक्यता शेकडा २० असेल तर तयारी निराळी. वाचणाऱ्याने एक आकडा धरला, लिहिणाऱ्याच्या मनात दुसराच होता, आणि मधल्या त्या दोन भारदस्त शब्दांमुळे ही तफावत कोणाच्या लक्षातही आली नाही.

केंट अस्वस्थ झाले. निदान आपल्या कार्यालयात तरी सर्वांचे एकमत असेल, असे त्यांना वाटले. कारण तो अहवाल सर्वांनी मिळून तयार केला होता आणि त्या वाक्याला सर्वांनी मान्यता दिली होती. त्यांनी एकेका सहकाऱ्याला गाठून तोच प्रश्न विचारला. उत्तरे काय आली असतील? एकाच्या मनात ८० विरुद्ध २० होते, तर दुसऱ्याच्या मनात अगदी उलट, २० विरुद्ध ८०! बाकीचे या दोन टोकांच्या मध्ये कोठेतरी.

म्हणजे त्या सगळ्यांचे एकमत झाले होते ते फक्त शब्दांवर. अर्थावर एकमत झालेच नव्हते.

केंट यांचा तक्ता

मग केंट आणि त्यांच्या एका सहकाऱ्याने ठरवले, की शब्दांना आकडे बांधून द्यायचे. त्यांनी केलेला तक्ता असा होता:

नक्की — शेकडा १००
जवळजवळ नक्की — ९३, सहा इकडे किंवा तिकडे
संभवनीय, म्हणजे 'प्रॉबेबल' — ७५, बारा इकडे किंवा तिकडे
दोन्ही बाजू सारख्या — ५०, दहा इकडे किंवा तिकडे
बहुधा नाही — ३०, दहा इकडे किंवा तिकडे
जवळजवळ नक्कीच नाही — ७, पाच इकडे किंवा तिकडे
अशक्य — ०

'पॉसिबल' हा शब्द या तक्त्यात नाही, हे तुमच्या लक्षात आले का? केंट यांचे म्हणणे असे, की 'पॉसिबल' म्हणजे शक्य. ते अशक्यही नाही आणि नक्कीही नाही, एवढेच तो शब्द सांगतो. शेकडा एकही शक्यच आणि शेकडा ९९ ही शक्यच. त्याला 'सीरियस' किंवा आणखी कसले विशेषण जोडल्याने तो मोजमापाचा शब्द होत नाही.

सर्वांनी हा तक्ता आनंदाने स्वीकारला असेल असे वाटते ना? मुळीच नाही! भाषा अशी जखडून टाकू नये, असे म्हणणारे बरेच जण होते. केंट यांनी त्यांना गमतीने 'कवी' हे नाव दिले आणि आपल्या बाजूच्या मंडळींना 'गणिती'. कवींच्या बाजूतही थोडे तथ्य होते, बरे का! ६५ म्हटले की फार काटेकोर मोजमाप केले आहे असा भास होतो. प्रत्यक्षात तो अंदाजच असतो. म्हणून तर केंट यांनी प्रत्येक आकड्यापुढे 'इतके इकडे किंवा तिकडे' असे लिहिले. हा सारा अनुभव त्यांनी १९६४ साली एका लेखात मांडला.

पुढे १९७० च्या दशकात उत्तर अटलांटिक करार संघटनेच्या, म्हणजे नाटोच्या, २३ लष्करी अधिकाऱ्यांवर असाच एक प्रयोग झाला. त्यांना निरनिराळे शब्द घातलेली वाक्ये देऊन शेकड्यात आकडे विचारण्यात आले. अहवाल वाचण्याची सवय असलेली ही माणसे. तरीही कित्येक शब्दांच्या बाबतीत त्यांचे आकडे दूरदूर विखुरलेले निघाले.

'फेअर चान्स'ची किंमत

शब्द संदिग्ध राहिला की काय घडू शकते, याचे दुसरे उदाहरण १९६१ सालचे आहे. क्यूबातून परागंदा झालेल्या लोकांची एक तुकडी तयार करून तिला क्यूबाच्या किनाऱ्यावर उतरवायचे आणि तेथील कॅस्ट्रो सरकार उलथवायचे, अशी अमेरिकेच्या गुप्तवार्ता खात्याची योजना होती. अध्यक्ष केनेडी नुकतेच सत्तेवर आले होते. त्यांनी सेनाधिकाऱ्यांचे मत मागवले. अहवालात लिहून आले, की योजना यशस्वी होण्याचा 'फेअर चान्स' आहे.

'फेअर' या शब्दाचा अर्थ 'बऱ्यापैकी' असाही होतो आणि 'बेताचा, जेमतेम' असाही होतो. तो अहवाल लिहिणाऱ्या अधिकाऱ्याने पुढे सांगितले, की आमच्या मनात यशाची शक्यता शेकडा ३० आणि अपयशाची ७० होती. पण हे आकडे कागदावर उतरलेच नाहीत. वरिष्ठांनी 'फेअर चान्स' वाचले आणि त्यांना ते अनुकूल मत वाटले.

१७ एप्रिल १९६१ रोजी सुमारे १,४०० माणसे पिग्ज उपसागराच्या किनाऱ्यावर उतरली. तीन दिवसांत सारे संपले. शंभराहून अधिक माणसे मेली आणि अकराशेंहून अधिक पकडली गेली. या अपयशाला इतरही पुष्कळ कारणे होती. पण दोन अंक लिहिले असते तर निर्णय घेणाऱ्यांनी आणखी एकदा विचार केला असता, असे म्हणायला जागा आहे.

येथे इंग्रजीतील आणखी एक रूढ पद्धत सांगून ठेवतो. घोड्यांच्या शर्यतींमुळे इंग्रजीत शक्यता 'इतक्यास इतके' अशा रीतीनेही सांगतात. "थ्री टु वन अगेन्स्ट" म्हणजे हरण्याचे तीन भाग आणि जिंकण्याचा एक. घाईत काही मुले याचा अर्थ 'तिनात एक' असा घेतात. पण एकूण भाग चार होतात. म्हणून शक्यता चारात एक, म्हणजे शेकडा २५.

हल्ला झाला नाही, मग केंट चुकले का?

१९५१ साली युगोस्लाव्हियावर हल्ला झालाच नाही. मग केंट यांचे ६५ चुकीचे ठरले का? जरा थांबून विचार करा.

शेकडा ६५ म्हणजे अशा शंभर प्रसंगांपैकी ३५ प्रसंगी ती गोष्ट घडणार नाही, हे गृहीतच धरलेले आहे. तेव्हा एका प्रसंगावरून अंदाज बरोबर की चूक हे ठरवता येत नाही. नाणे एकदा उडवून छापा पडला, म्हणून 'छाप्याची शक्यता निम्मी' हे म्हणणे खोटे ठरते का? तसेच हे.

मग अंदाज करणाऱ्याची परीक्षा घ्यायची कशी? पुष्कळ अंदाज जमवून मोजायचे. ही कल्पना फार पूर्वी एका वेधशाळेत अमलात आली होती. पश्चिम ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे डब्ल्यू. ई. कुक नावाचे सरकारी खगोलशास्त्रज्ञ होते. हवामानाचे अंदाजही तेच देत. त्यांनी १९०६ साली सुचवले, की प्रत्येक अंदाजापुढे १ ते ५ यांपैकी एक आकडा लिहावा. ५ म्हणजे जवळजवळ पूर्ण खात्री. ४ म्हणजे बरीच खात्री, पण दहांत एखादे वेळी चूक होईल. ३ म्हणजे संशय बराच, दहांत सुमारे चार वेळा चूक होईल. अशा रीतीने खाली १ पर्यंत. कुक नुसते आकडे लिहून थांबले नाहीत. कोणत्या आकड्याचे किती अंदाज खरे ठरले याचा हिशेबही त्यांनी ठेवला. शास्त्रज्ञ असा असतो! आपल्या अज्ञानाचेही तो मोजमाप करतो आणि ते मोजमाप तपासायला लोकांपुढे ठेवतो.

'बहुधा पडेल' या अंदाजाचा असा हिशेब करता येईल का? पाऊस पडला तर "मी म्हणालोच होतो" आणि नाही पडला तर "मी नक्की कुठे म्हणालो होतो?" असे म्हणून दोन्हीकडून सुटता येते. जो अंदाज चूक ठरूच शकत नाही, त्यापासून शिकताही येत नाही.

आकडा दिला तरी प्रश्न उरतो

अमेरिकेच्या हवामान खात्याने १९६० च्या दशकाच्या मध्यापासून देशभर पावसाची शक्यता शेकड्यात सांगायला सुरुवात केली. आता तरी घोटाळा मिटला असेल ना? पूर्णपणे नाही. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ॲम्स्टरडॅम, अथेन्स, बर्लिन, मिलान आणि न्यूयॉर्क या शहरांतील लोकांना विचारले, की "उद्या पावसाची शक्यता शेकडा ३०" म्हणजे काय? कोणी म्हणाले, उद्या दिवसातला शेकडा ३० वेळ पाऊस पडेल. कोणी म्हणाले, शेकडा ३० भागात पडेल. खरा अर्थ असा, की उद्यासारखे शंभर दिवस घेतले तर त्यांपैकी सुमारे ३० दिवशी पाऊस पडेल. पाच शहरांपैकी फक्त न्यूयॉर्कमध्ये निम्म्याहून अधिक लोकांनी हे बरोबर सांगितले. तेथील लोक असे अंदाज अनेक वर्षे ऐकत आले होते, हे लक्षात घ्या.

म्हणजे नुसता शेकडा सांगून पुरत नाही, 'कशाचा शेकडा' तेही सांगावे लागते. आपल्या बातम्यांत "कोकणात तुरळक ठिकाणी पाऊस" असे ऐकता ना? भारतीय हवामान खात्याच्या परिभाषेत 'तुरळक ठिकाणी' म्हणजे त्या विभागातील पर्जन्यमापक केंद्रांपैकी जास्तीत जास्त शेकडा २५ केंद्रांवर. हा शेकडा जागेचा आहे, शक्यतेचा नव्हे.

औषधांच्या बाबतीतही हेच दिसते. युरोपात औषधाबरोबरच्या पत्रकातील शब्दांना आकडे बांधून दिले आहेत. एखादा दुष्परिणाम 'कॉमन' आहे असे लिहिले, की तो शंभरांत एक ते दहा जणांना होतो. पण ब्रिटनमध्ये लोकांना विचारले तेव्हा 'कॉमन' या शब्दावरून त्यांनी याच्या कितीतरी पट मोठे आकडे सांगितले. असा माणूस घाबरून आवश्यक औषधही सोडून द्यायचा! म्हणून शब्दासोबत आकडाही छापणे बरे.

एक शब्द, चार मापे

आज निरनिराळ्या संस्थांनी केंटसारखे आपापले तक्ते केलेले आहेत. हवामानबदलाचा अभ्यास करणारी आय.पी.सी.सी. ही आंतरराष्ट्रीय समिती आपल्या अहवालांत 'लाइकली' म्हणते तेव्हा शेकडा ६६ किंवा त्याहून अधिक शक्यता असते. अमेरिकेच्या गुप्तवार्ता खात्यांचा 'लाइकली' ५५ ते ८० इतका. ब्रिटनचा ५५ ते ७५. आणि आपल्या भारतीय हवामान खात्याच्या इंग्रजी पत्रकात खाली छापलेला तक्ता पाहिलात तर तेथे 'लाइकली' म्हणजे २५ ते ५०, 'व्हेरी लाइकली' म्हणजे ५० ते ७५ आणि 'मोस्ट लाइकली' म्हणजे ७५ च्या वर!

पाहा, एका तक्त्यातला 'लाइकली' जेथे संपतो त्याच्या पुष्कळ पुढे दुसऱ्या तक्त्यातला सुरू होतो. कोणता तक्ता खरा, हा प्रश्नच चुकीचा आहे. वजन शेरात सांगा की किलोत, माप कोणते ते आधी सांगितले म्हणजे झाले. म्हणून अहवाल वाचताना आधी तक्ता शोधावा, मग शब्द वाचावा. तक्ता असूनही सगळे जण तो पाहतातच असे नाही. आय.पी.सी.सी.ची वाक्ये अमेरिकेतील लोकांना वाचायला दिली, तेव्हा 'व्हेरी लाइकली', म्हणजे शेकडा ९० हून अधिक, या शब्दाला पुष्कळांनी त्यापेक्षा बरेच कमी आकडे दिले.

तेव्हा मित्रांनो, इंग्रजी शिकताना 'मे', 'मस्ट', 'प्रॉबेबली', 'लाइकली' हे शब्द जरूर शिका. बोलणाऱ्याजवळ पुरावा किती आहे, हे ते फार सुरेख सांगतात. पण ज्या शब्दावर एखादा महत्त्वाचा निर्णय अवलंबून असेल, तेथे नम्रपणे विचारायला लाजू नका: "म्हणजे शेकडा किती?" आणि तुम्ही स्वतः अंदाज सांगाल तेव्हा आकडा सांगा, तो कशावरून काढला तेही सांगा.

करून पाहा

१. 'ऑल्मोस्ट सर्टन', 'लाइकली', 'प्रॉबेबल', 'गुड चान्स', 'पॉसिबल', 'अनलाइकली' हे सहा शब्द एका कागदावर लिहा. इंग्रजी जाणणाऱ्या दहा जणांना, एकमेकांचे आकडे न दाखवता, प्रत्येक शब्दापुढे शेकडा आकडा लिहायला सांगा. प्रत्येक शब्दाचा सर्वांत लहान व सर्वांत मोठा आकडा शोधा. कोणत्या शब्दात अंतर सर्वांत जास्त आहे? मग हाच प्रयोग 'नक्की', 'बहुधा', 'कदाचित' या मराठी शब्दांवर करा.

२. पावसाळ्यात महिनाभर रोज रात्री वहीत लिहा: उद्या आपल्या गावात पाऊस पडण्याची शक्यता शेकडा किती? दुसऱ्या दिवशी पडला की नाही ते नोंदवा. महिन्याच्या शेवटी ज्या दिवशी तुम्ही ७० लिहिले असे सारे दिवस वेगळे काढा. त्यांपैकी दहांत सुमारे सात दिवशी पाऊस पडला का? जास्त दिवशी पडला असेल तर तुम्ही फार भीत भीत अंदाज करता, कमी दिवशी पडला असेल तर जरा जास्तच खात्रीने बोलता!

३. केंट यांच्या तक्त्यात ० ते १०० मधील काही आकड्यांना शब्दच नाही. ते कोणते?

४. "फोर टु वन अगेन्स्ट" म्हणजे शेकडा किती?

उत्तरे: (३) २ च्या खालचे, १२ ते २०, ६० ते ६३ आणि ९९ च्या वरचे. यांत ० आणि १०० धरायचे नाहीत, त्यांना शब्द आहेत. (४) एकूण भाग पाच, त्यांत जिंकण्याचा एक, म्हणून शेकडा २०.

आणि हो, सुरुवातीला झाकून ठेवलेला तो आकडा आता उघडून पाहा. 'प्रॉबेबली'पुढे तुम्ही काय लिहिले होते? केंट यांच्या ६३ ते ८७ मध्ये तो बसतो का?